बारा रविवार, सोळा मुलं, आठ जुने कॉम्प्युटर: प्रोग्रॅमिंगची सुरुवात कशी करावी?

वाचनालय_नंदनवन

नमस्कार. नागपुरात नंदनवन भागातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये सहावी ते दहावीच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचा पहिलावहिला वर्ग सुरू करायचा आहे. आपल्याकडे विदर्भात शाळा उशिरा उघडतात, म्हणून जुलैच्या पहिल्या रविवारपासून, सकाळी साडेआठ ते दहा. एकूण बारा रविवार, फी नाही.

नावं दिलेली मुलं सोळा. नऊ सहावी-सातवीची, सात आठवी ते दहावीची. बरीचशी मराठी माध्यमाची, काही सेमी-इंग्रजी, दोघं सीबीएसईची. मोबाइल सगळ्यांना येतो, कीबोर्डवर बोटं ठेवलेली फार थोड्यांनी.

कॉम्प्युटर आठ आहेत. ड्युअल कोर, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज ७. सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घेतात. इंटरनेट म्हणजे एका मोबाइलचा हॉटस्पॉट. शिकवणारे दोघं: मी आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी. खर्चासाठी ३० हजार रुपये जमले आहेत.

स्क्रॅच (ज्यात रंगीत ब्लॉक जोडून पडद्यावरचं मांजर हलवतात) घ्यावं की थेट पायथन (ज्यात ओळी टाइप कराव्या लागतात)? सगळ्यांना एकत्र बसवावं का? हे कॉम्प्युटर चालतील, की सगळे पैसे त्यांच्यातच जातील? पहिल्या दोन-तीन रविवारी नेमकं काय घ्यावं? मुलं कुठे अडतात आणि का अडतात, हे शिकवणाऱ्यांनी तपशिलात सांगितलं तर फार उपयोग होईल.


खडूफळा

ताई, बॅच आधी ठरवा, बाकीचं त्यावरून ठरेल. दोन गट वेगळेच करा. प्रश्न हुशारीचा नाही, टायपिंगचा आणि इंग्रजी ओळी वाचण्याचा आहे. सहावीतला मुलगा कंसाची कळ शोधेपर्यंत नववीची मुलगी तीन ओळी लिहून रिकामी होते, आणि मग दोघांचंही लक्ष उडतं. दीड तासाचे दोन तुकडे मात्र करू नका. लहान गट साडेआठ ते पावणेदहा, मोठा गट दहा ते सव्वाअकरा. पंचाहत्तर मिनिटं पुरतात.

एका कॉम्प्युटरवर दोघं बसवा, शेजारचा रिकामा असला तरी. एकाकडे कीबोर्ड आणि माऊस, दुसऱ्याकडे कागद-पेन्सिल आणि काय करायचं ते तोंडाने सांगायचं काम. दर आठ मिनिटांनी टायमर वाजला की अदलाबदल. टायमर हवाच, तो नसला की ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच माऊस धरून बसतो आणि जोडीदार बारा रविवार नुसता बघतो. नऊ आणि सात, दोन्ही विषम आहेत, म्हणजे प्रत्येक बॅचमध्ये एक तिघांचा गट होईल. तिथे तिसऱ्याला नोंदवहीचं काम द्या आणि तेही फिरतं ठेवा.

पहिला रविवार कॉम्प्युटर बंद ठेवून घ्या. जाड पुठ्ठ्याची पाच कार्डं करा, त्यांवर १, २, ४, ८, १६ ठिपके. पाच मुलांना ओळीत उभं करा, १ ठिपक्याचं कार्ड बघणाऱ्यांच्या उजव्या टोकाला. कार्ड दिसलं तर १, उलटं धरलं तर ०. मग २० मागा: १६ आणि ४ दिसतील, बाकी उलटी. त्यानंतर ० पासून ३१ पर्यंत क्रमाने मोजायला लावा. उजवीकडचं कार्ड दर वेळी पलटतं, त्याच्या शेजारचं दर दुसऱ्या वेळी, हे मुलांच्या आपणहून लक्षात येतं. सहाव्या कार्डावर किती ठिपके, ते सांगू नका, विचारा. उभ्या मुलांनी स्वतःच्या बाजूने मोजलं की डावं-उजवं उलटतं, म्हणून फळ्यावर तोच क्रम खडूने लिहून ठेवा. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांच्या गटाने असे खेळ ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने तयार केले आहेत, साहित्य फुकट मिळतं.

उरलेल्या वेळात १ ते १०० मधला आकडा ओळखण्याचा खेळ. ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच उत्तर द्यायचं. दर वेळी मधला आकडा विचारला तर सातव्या प्रश्नापर्यंत आकडा सापडतोच. सहाच का नाहीत? कारण सहा प्रश्नांत जास्तीत जास्त ६३ आकड्यांतून निवड करता येते, सातांत १२७. हा हिशेब आठवीच्या पुढच्यांकडून करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक वर्ग चुकतात. मुलांना कोड देऊन ‘चालवा’ म्हणू नका. आधी कागदावर लिहायला लावा की हा प्रोग्रॅम काय करेल. मग चालवायचा, आपलं उत्तर कुठे चुकलं ते शोधायचं, मग त्यात एक बदल, आणि शेवटी स्वतःचा प्रोग्रॅम. याच क्रमाने. जो मुलगा थेट चालवतो तो आकडे बदलत बसतो. कधीतरी चित्र बरोबर येतं आणि का आलं ते त्याला सांगता येत नाही. कागदावर चुकीचा अंदाज लिहिलेल्या मुलाला नेमकी कोणती समजूत चुकली ते डोळ्यांपुढे दिसतं. त्या कागदाला मार्क देऊ नका, नाहीतर चालवून बघून अंदाज भरतील.

दुसऱ्या रविवारी स्क्रॅच. चौरस काढायचा: चार वेळा ‘१०० पावलं चाल, ९० अंश वळ’. रेषा काढणारा पेन वेगळ्या विस्तारात (एक्स्टेन्शनमध्ये) असतो, डाव्या खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबून तो आधी जोडावा लागतो. चौरस जमला की समभुज त्रिकोण मागा. जवळजवळ प्रत्येक जण ६० अंश टाकतो आणि अर्धा षटकोन काढून मांजर थांबतं. कारण पुस्तकात त्रिकोणाचा आतला कोन ६०, पण वळताना मांजर बाहेरच्या कोनातून वळतं, म्हणजे १२०. हे फळ्यावर समजावू नका. जमिनीवर खडूने त्रिकोण आखा आणि मुलाला त्यावरून चालवा. कोपऱ्यावर पाय किती फिरले ते त्याला शरीराने कळतं. पूर्ण फेरी ३६०, तिचे तीन भाग. मग पंचकोनाचे ७२ तो स्वतः सांगेल. पाच टोकांची चांदणी १४४ अंशांनी होते, पण ती घरचा अभ्यास म्हणून ठेवा.

स्क्रॅचमध्ये आणखी तीन ठिकाणी हमखास अडतं. एक, हिरवा झेंडा दाबल्यावर मांजर आधीच्या जागेवरूनच सुरू होतं, कारण सुरुवातीला जागा, दिशा आणि पुसून टाकण्याचे ब्लॉक घातलेले नसतात. मुलांना वाटतं कोड बिघडला. दोन, ‘भिंतीला लागलं तर’ ही तपासणी सतत चालणाऱ्या चक्रात नसेल तर ती एकदाच, सुरुवातीच्या क्षणी होते आणि संपते. तीन, कोड चुकीच्या पात्रावर लिहिला जातो. उजवीकडे खाली कोणतं पात्र निवडलंय ते बोट ठेवून सांगायची सवय लावा. रंगमंच ४८० बाय ३६० चा, मध्यबिंदू शून्य-शून्य, म्हणजे आडवं उणे २४० ते २४०, उभं उणे १८० ते १८०. ऋण संख्या आणि आलेख शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही, ती वाया घालवू नका.

लहान गटाला बाराही रविवार स्क्रॅचच द्या. मोठ्यांना तीन रविवार स्क्रॅच, मग पायथन.


सेमी_इंग्रजी

खडूफळा यांच्याशी जवळपास सगळीकडे सहमत, एक गोष्ट सोडून. मोठ्या गटाला स्क्रॅच देऊ नका. नववी-दहावीच्या मुलांना ते लहानांचं वाटतं, आणि बारापैकी तीन रविवार म्हणजे पाव वर्ग गेला. तोच चौरस पायथनच्या टर्टलमध्ये (पडद्यावर रेषा काढणाऱ्या भागात) काढा: पुढे १००, उजवीकडे ९०, चार वेळा. ६० आणि १२० चा घोळ तिथेही तसाच होतो, आणि शिकणंही तसंच होतं.

पण कीबोर्डची तयारी करून घ्यावी लागेल. पहिले तीन रविवार सुरुवातीची दहा मिनिटं फक्त चिन्हं: गोल कंस, चौकोनी कंस, अवतरण चिन्ह, कोलन, अंडरस्कोर, आणि शिफ्ट कुठे धरायचं. अक्षरं मुलं शोधून काढतात, अडतात ती चिन्हांवर. मोठ्या अक्षरातला कीबोर्ड कागदावर छापून प्रत्येक टेबलावर चिकटवा.

कोड लिहायला पायथनच्या नेहमीच्या आयडीएलई एडिटरपेक्षा थॉनी घ्या. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास शिकाऊंसाठी बनलेलं आहे, फुकट आहे, पायथन सोबतच येतं. मुख्य फायदा असा की वरचं किड्याचं चिन्ह दाबलं की प्रोग्रॅम एकेक पायरीने पुढे सरकतो आणि शेजारच्या चौकटीत प्रत्येक व्हेरिएबलची (म्हणजे नाव दिलेल्या डब्याची) किंमत बदलताना दिसते. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘व्हेरिएबल्स’ चालू करून ठेवा.

मोठ्या मुलांचा सगळ्यात घट्ट गैरसमज बरोबरच्या चिन्हाचा असतो. बीजगणितात ‘क्ष = क्ष + १’ हे कधीच खरं नसतं, आणि गणितात चांगली असलेली मुलंच इथे अडून बसतात. त्यांचं बरोबर आहे, चिन्हाचा अर्थ वेगळा आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून ते चिन्ह ‘बरोबर’ असं वाचूच नका, ‘मध्ये ठेव’ असं वाचा, आणि उजवी बाजू आधी. मग हे द्या: अ मध्ये ५, ब मध्ये ७; आता अ = ब, मग ब = अ. काय उरलं? अदलाबदल झाली असं अर्धा वर्ग लिहील. खरं तर दोन्हींत ७ आहेत, कारण पहिल्या ओळीतच ५ पुसले गेले. दोन पेल्यांतलं ताक आणि सरबत अदलाबदल करायला तिसरा पेला लागतो, हे एकदा हातांनी करून दाखवा.

यादी (एकाच नावाखाली क्रमाने ठेवलेल्या गोष्टी) शिकवताना मेट्रो घ्या. ऑरेंज लाइनवर झिरो माईलपासून दक्षिणेकडे: झिरो माईल, सीताबर्डी, काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक, छत्रपती चौक. पायथनच्या यादीत पहिल्या जागेचा क्रमांक शून्य असतो आणि मुलं ‘शून्य काऊन?’ म्हणून विचारतातच. क्रमांक म्हणजे सुरुवातीपासून किती स्टेशनं पुढे. झिरो माईलला बसला आहात तर तुम्ही शून्य स्टेशन पुढे आहात. अजनी चौकाचा क्रमांक ४, म्हणजे चार स्टेशनं पुढे, पण वाटेतली नावं वाचली तर पाच होतात. अंतर चार, नावं पाच. या एका फरकातून प्रोग्रॅमिंगमधल्या असंख्य चुका होतात, म्हणून इथे घाई करू नका, अख्खा रविवार गेला तरी चालेल. शून्य ते चार असा तुकडा मागितला की अजनी येत नाही, आणि १ ते १० ची रेंज (ओळीने आकडे देणारी आज्ञा) ९ वरच थांबते, ही त्याचीच भावंडं.

बाकी नेहमीच्या चुका पटकन सांगते. इनपुटने आलेला आकडा हा मजकूर असतो, त्यामुळे ५ आणि ३ मिळून ८ नाही, ५३ होतात; तो इंटमध्ये (मजकुराची संख्या करणाऱ्या आज्ञेत) घालावा लागतो. मुलं फाइलला ‘टर्टल’ हेच नाव देतात, मग पायथन आपल्या टर्टलऐवजी त्यांचीच फाइल उघडतं आणि न समजणारी चूक दाखवतं. फाइलला मुलाचं नाव आणि तारीख द्यायचा नियम करा. व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून कोड पाठवला की सरळ अवतरण चिन्हं वाकडी झालेली असतात, आणि पायथन ती घेत नाही. चूक आली की त्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचायची, मग ओळ क्रमांक. कंस बंद करायचा राहिला असेल तर जुन्या पायथनमध्ये चूक पुढच्या ओळीवर दिसते, ३.१० पासून कंस बंद केला नाही असं सरळ सांगितलं जातं. मुलांना वरची ओळही तपासायला शिकवा.


तारजोडणी

कॉम्प्युटरचं सांगतो. दोन बॅच आणि एकेका कॉम्प्युटरवर दोघं, असं केलं तर एका वेळी चारच लागतात. म्हणून आठही दुरुस्त करू नका. पाच करा, एक राखीव. उरलेल्या तिघांतली रॅम, वायरी, पॉवर सप्लाय सुटे भाग म्हणून वापरा. रॅम काढण्याआधी दोन्ही एकाच प्रकारच्या आहेत ना ते पाहा; डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-२ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

खर्च एसएसडीवर करा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर. २४० जीबीची साटा एसएसडी बसवली की तोच कॉम्प्युटर अर्ध्या-पाऊण मिनिटात सुरू होतो. सोबत बायोसची (मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी) सीआर-२०३२ बॅटरी बदला, तिला अगदी थोडे पैसे लागतात. ती संपलेली असेल तर प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि ब्राउझर चांगल्या साइटही असुरक्षित म्हणून अडवतं. लोकांना वाटतं इंटरनेट बिघडलं. सीताबर्डीत दोन-तीन दुकानांत भाव विचारून, पाचांचं एकत्र बिल करून घ्या.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट देणं बंद केलं. स्क्रॅचचं अधिकृत ऑफलाइन अॅप विंडोज १० पासूनच चालतं, आणि पायथन विंडोज ७ वर ३.८ च्या पुढे जात नाही. थॉनीची ३.८ असलेली ३२-बिट आवृत्ती मिळते, म्हणजे पायथनपुरतं भागेल, पण स्क्रॅचसाठी अडाल. मी असलो तर विंडोजऐवजी फुकट मिळणाऱ्या लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकेन. २ जीबी रॅमवरही चालते, ४ वर आरामात. पायथन आत असतंच. थॉनी टाकलं की टर्टलला लागणारं टीके पॅकेजही सोबत येतं. नुसतं पायथन वापरलं तर ते वेगळं टाकावं लागतं, नाहीतर टर्टल उघडत नाही. स्क्रॅचसाठी टर्बोवार्प डेस्कटॉप, ते इंटरनेटशिवाय चालतं आणि स्क्रॅचच्याच फाइली उघडतं.

एक कॉम्प्युटर पूर्ण तयार करा आणि क्लोनझिलाने त्याची प्रत बाकी चारांवर चढवा. सगळं डाउनलोड आधी कुठेतरी चांगल्या वायफायवर करून पेनड्राइव्हवर घ्या, हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका. मुलांसाठी साधं खातं, अॅडमिनचा पासवर्ड तुम्हा दोघांकडे.

वीज: कॅबिनेट आणि एलसीडी मिळून साधारण १०० ते १२० वॅट धरा. पाचांचे सहाशे वॅट, म्हणजे २३० व्होल्टला तीन अँपियरच्या आत. सहा अँपियरच्या एका पॉइंटवर हे बसतं, पण कूलर त्याच बोर्डावर लावू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वर्ग सुरूच करू नका. यूपीएस सगळ्यांना घेण्यात पैसे घालवू नका. दर आठ मिनिटांनी सेव्ह करायची सवय त्याहून उपयोगाची, टायमर वाजला की आधी सेव्ह मग अदलाबदल.

पुढच्या उन्हाळ्यातही वर्ग चालवायचा असेल तर आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन लक्षात ठेवा. कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर येता कामा नये, खिडकी उघडी हवी. कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा, त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरची पेस्ट इतक्या वर्षांत वाळलेली असणार. ती पुसून नवी लावा, मुगाच्या दाण्याएवढी पुरते. हे केलं नाही तर दुपारच्या वेळी कॉम्प्युटर आपोआप बंद पडतील आणि दोष सॉफ्टवेअरला जाईल.


वाचनालय_नंदनवन

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचच दुरुस्त करायचे, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन बॅच आणि मोठ्यांना थेट पायथन, हे नक्की केलं.

आणखी तीन शंका. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी पायथनमध्ये मराठी वापरता येईल का? उरलेल्या पैशांत मायक्रोबिट घ्यावं की आर्डुइनो (कोडने दिवे, सेन्सर चालवायचे छोटे बोर्ड)? आणि पालक विचारून राहिले की याचं सर्टिफिकेट मिळेल का, हे एमएस-सीआयटीच्या बरोबरीचं आहे का. त्यांना काय सांगावं?


वेलांटी

मराठीबद्दल. मजकुरात देवनागरी बिनधास्त वापरा, पायथन ३ ला काहीच अडचण नाही. व्हेरिएबलचं नावसुद्धा देवनागरीत चालतं, ‘वय’ किंवा ‘किंमत’ असं. पण प्रत्येक ओळीत कीबोर्डची भाषा दोनदा बदलावी लागते आणि मुलं त्यातच दमतात. म्हणून नावं मराठी शब्दांचीच, पण रोमन लिपीत लिहू द्या. कोडमधले शब्द इंग्रजी आणि मुलांनी दिलेली नावं मराठी असली की भाषेचं काय आणि आपलं काय, हे त्यांना एका नजरेत कळतं. सगळं इंग्रजीत असलं तर ‘नेम’ हाही पायथनचाच शब्द आहे असं मुलं धरून चालतात.

आकड्यांत एक गंमत आहे. मुलाने इनपुटला देवनागरीत २५ टाइप केले तर इंट त्याचे बरोबर पंचवीस करतं. पण कोडमध्ये थेट देवनागरी २५ लिहिले तर चूक येते, तिथे इंग्रजी आकडेच लागतात. कारण शिकवा: पहिला मजकूर आहे, दुसरं पायथनचं व्याकरण.

आणि हा प्रयोग नक्की करा. ‘नागपूर’ या शब्दाची लांबी विचारा. मुलं म्हणतील चार: ना, ग, पू, र. पायथन सहा म्हणतं. कारण युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या क्रमवारीत) काना आणि ऊकार ही स्वतंत्र चिन्हं आहेत: न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. आता तोच शब्द उलटा करायला सांगा. मुलांचा अंदाज ‘रपूगना’. पायथन देतं ‘रूपगान’! सहाही चिन्हं उलटी मांडून बघा: र, ऊकार, प, ग, काना, न. मात्रा आपल्या अक्षराला सोडून दुसऱ्याला जाऊन चिकटल्या आणि नवाच शब्द झाला. अंदाज आधी कागदावर लिहून घेतला असेल तर वर्ग उठून उभा राहतो. दहावीच्या मुलांना पुढचं काम द्या: मात्रा आली की ती मागच्या अक्षराला जोडून गट करायचा आणि मग गट उलटे करायचे. ‘नागपूर’ला ते सहज जमेल, ‘सीताबर्डी’ला अडेल, कारण तिथे रफार आहे. हलन्त चिन्हानंतरचं व्यंजनही त्याच गटात घ्यावं लागतं. लांबी तिथे नऊ येते, दिसतात चार.

लिनक्सवर थॉनीत जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी विस्कटलेली दिसू शकते. डेटा बरोबर असतो, दाखवणं चुकतं. आउटपुट यूटीएफ-८ फाइलमध्ये लिहा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, तिथे नीट दिसेल.


तारजोडणी

पहिल्या खेपेला मायक्रोबिट. आर्डुइनोत ब्रेडबोर्ड, २२० ओहमचा रेझिस्टर, एलईडीचा लांब पाय धनाकडे, स्वस्त बोर्डांच्या सीएच-३४० चिपची भानगड, एवढं सगळं पहिल्या दिव्याआधीच येतं, आणि दिवा लागला नाही तर चूक कोडमध्ये की तारेत ते मुलांना कळत नाही. मायक्रोबिटवर २५ एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर अंगावरच असतो. व्ही-२ मध्ये माईक आणि स्पीकरही. मोठ्या गटाला तीन बोर्ड पुरतात, शिवाय एक राखीव. थॉनीतूनच मायक्रोपायथनने (छोट्या बोर्डांसाठीच्या पायथनने) चालवता येतो, त्यामुळे नवं सॉफ्टवेअर शिकवायला नको. लिनक्सवर खातं ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं, नाहीतर पोर्टच सापडत नाही.

केबल नीट बघून घ्या. फक्त चार्जिंगच्या केबलने दिवा लागतो पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही, आणि बोर्ड मेला असं वाटतं. बोर्ड स्टीलच्या टेबलावर ठेवू नका, खालचे टाके एकमेकांना जोडले जातात, खाली पुठ्ठा. मोटर थेट पिनला लावू नका. आणि तापमानाचा आकडा हवेपेक्षा थोडा जास्तच येईल, कारण तो चिपच्या आतलं तापमान मोजतो. शेजारी साधा थर्मामीटर ठेवून फरक मोजायला लावा, तोच एक चांगला तास होतो.

हे सगळं नवव्या रविवारनंतर. त्याआधी पेटी उघडू नका.


सेमी_इंग्रजी

पालकांना सरळ सांगा की सर्टिफिकेट नाही. एमएस-सीआयटी हा एमकेसीएलचा (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा) २००१ पासूनचा कॉम्प्युटर साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे: फाइली, टायपिंग, वर्ड, एक्सेल, इंटरनेट. तुमचा वर्ग प्रोग्रॅमिंगचा आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

शाळेशी नातं विचारतील तर हे सांगता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलं आहे. सीबीएसईत नववी-दहावीला माहिती तंत्रज्ञान ४०२ हा कौशल्य विषय आहे, ५० गुण लेखी, ५० प्रात्यक्षिकाचे. अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्स ०८३ मध्ये पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आहे, ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक. तुमच्या दोन सीबीएसईच्या मुलांना याचा थेट फायदा. आपल्या राज्य मंडळाच्या मुलांना बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच वर्षी प्रोग्रॅमिंग येतं, आणि तिथे चक्र आणि यादी माहीत असलेला मुलगा अडखळत नाही. यापुढे काही कबूल करू नका.

आणखी एक. बारा रविवारांपैकी किमान दोन पोळा, गणपती, घटक चाचणी यांत जातील. दहाचंच नियोजन करा.


वाचनालय_नंदनवन

दहाचं नियोजन करतो आहोत. शेवटचा प्रश्न: मुलांना खरंच आलं का, हे शेवटी कसं तपासायचं? लेखी परीक्षा नको वाटते.


खडूफळा

लेखी परीक्षा नको, बरोबर. स्वतःचा प्रोजेक्ट दाखवणं चांगलं, पण त्यातून कळत नाही, कारण शेजाऱ्याने किती केलं ते दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एकट्याने दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर द्या, ज्यात तुम्ही तीन चुका घातल्या आहेत. एक व्याकरणाची, म्हणजे कोलन राहिलेला. एक मोजणीची, रेंज एकाने कमी. एक विचाराची, म्हणजे प्रोग्रॅम चालतो पण उत्तर चुकीचं. उदाहरणार्थ बेरीज ठेवायचं व्हेरिएबल चक्राच्या आतच शून्य केलेलं, त्यामुळे शेवटी फक्त शेवटचा आकडा उरतो. लहान गटाला हेच स्क्रॅचच्या छापलेल्या ब्लॉकवर.

पंधरा मिनिटं. कॉम्प्युटर बंद. चूक शोधून ‘यामुळे काय होईल’ हे एका वाक्यात मराठीत लिहायचं. पहिली चूक बहुतेकांना सापडेल, दुसरी निम्म्यांना. तिसरी ज्याला सापडली आणि ज्याने कारण लिहिलं, त्याला पुढच्या बॅचला मदतनीस म्हणून बोलवा. ज्यांना एकही सापडली नाही त्यांचे पहिल्या महिन्यातले अंदाजाचे कागद काढून बघा, बहुधा ते कोरे असतील किंवा शेजाऱ्याचे उतरवलेले. म्हणून ते कागद फेकू नका, प्रत्येकाच्या नावाची एक फाइल पहिल्या रविवारपासूनच ठेवा.